अंगण खरंच वाकडं होतं का?



'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण तुम्ही तिसरी-चौथीतच पाठ केलेली असते. अर्थ सांगा म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "स्वतःला येत नाही आणि दोष दुसऱ्याला द्यायचा!" अगदी बरोबर. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. एखाद्या वेळी अंगण खरोखरच वाकडं असलं तर? आणि ते वाकडं आहे की आपलंच पाऊल चुकलं, हे ओळखायचं कसं?

आज याच प्रश्नाचा छडा लावायचा आहे, तोही एका कॉम्प्युटर गेमच्या मदतीने. दचकू नका! गेम म्हटलं की मोठी माणसं भुवया उंचावतात, हे मला ठाऊक आहे. पण या गेमवरून जगभरचे खेळाडू वीस वर्षांहून जास्त काळ जे भांडण भांडत आले आहेत, ते आपल्या म्हणीचंच भांडण आहे. म्हणून ते ऐकण्यासारखं आहे.

गेमचं नाव 'द बॅटल फॉर वेसनॉथ'. म्हणजे वेसनॉथच्या राज्यासाठी लढाई. डेव्हिड व्हाइट नावाच्या प्रोग्रामरने २००३ साली तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. गंमत म्हणजे हा खेळ कॉम्प्युटरवर फुकट मिळतो. नुसता फुकटच नाही, तर तो ज्या आज्ञावलीवर चालतो, ती आज्ञावलीसुद्धा सगळ्यांना उघडी आहे. कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी. चित्रं काढणारे, संगीत देणारे, गोष्टी रचणारे आणि भाषांतर करणारे अनेक देशांतले हौशी लोक मिळून तो वाढवत आले आहेत. फार महागडा कॉम्प्युटरही त्याला लागत नाही.

आता खेळ कसा आहे ते पाहू. स्क्रीनवर एक नकाशा असतो. मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची घरं असतात. काही घरांत गवत, काहींत जंगल, कुठे डोंगर, कुठे पाणी, कुठे गाव. तुमचा एक सरदार असतो. तो सोनं खर्च करून सैनिक उभे करतो. भालेवाले, तिरंदाज, घोडेस्वार, जादूगार! समोर कधी ऑर्क नावाचे दांडगे लोक, कधी चालते सांगाडे. आणि लांब कानांचे, जंगलात राहणारे एल्फ असतात, डोंगरात राहणारे कुऱ्हाडवाले बुटके असतात. जो सैनिक लढतो त्याला अनुभव मिळतो. शत्रूला पाडलं तर पुष्कळच जास्त. अनुभव पुरेसा साठला की त्याला बढती मिळते आणि तो जास्त ताकदवान होतो. पण लढाईत पडला तर तो कायमचा गेला. पुढच्या लढाईत तुम्ही त्याला बोलवाल, तर यादीत त्याचं नावच नसेल.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे हा खेळ पाळीपाळीने चालतो. आधी तुमची पाळी, मग समोरच्याची. बुद्धिबळासारखंच. धडाधड बटणं दाबायची नाहीत. एकटे खेळत असाल तर तुम्ही विचार करत बसलात तरी खेळ थांबून राहतो. आईने हाक मारली तर उठून जाता येतं. (हे वाक्य आईला जरूर वाचून दाखवा!)

पट बुद्धिबळाचा, फासे सारीपाटाचे

बुद्धिबळ आणि या खेळात मात्र एक मोठा फरक आहे. बुद्धिबळात घोड्याने प्याद्यावर उडी घेतली की प्यादं गेलंच. प्यादं काही म्हणत नाही, "तुमचा नेम चुकला, पुन्हा या." वेसनॉथमध्ये नेम चुकू शकतो. प्रत्येक वाराच्या आधी खेळ तुम्हाला स्पष्ट आकडा सांगतो. वार लागण्याची शक्यता शंभरात ६०, किंवा ४०, किंवा ७०. मग कॉम्प्युटर मनातल्या मनात जणू फासा टाकतो आणि वार लागतो किंवा चुकतो.

हा आकडा ठरतो कशावरून? बहुतेक वेळा ज्याच्यावर हल्ला होतो, तो कुठे उभा आहे यावरून. माणसांचा साधा सैनिक उघड्या गवतावर असेल तर त्याच्यावर वार लागण्याची शक्यता शंभरात ६०. तोच गावात किंवा किल्ल्यात असेल तर ४०. आणि उथळ पाण्यात गुडघाभर उभा असेल तर तब्बल ८०! बुटका डोंगरावर असेल तर फक्त ३०. जादूगाराच्या वाराला मात्र जमीन अडवू शकत नाही. समोरचा कुठेही असो, त्याचा आकडा नेहमी ७०.

शिवाय दिवस-रात्र आहे. राज्याचे शिस्तीचे सैनिक दिवसा २५ टक्के जास्त जोराने मारतात आणि रात्री तेवढेच कमी पडतात. ऑर्क आणि सांगाड्यांचं याच्या बरोबर उलट. एल्फांना मात्र दिवस काय नि रात्र काय, सारखंच. म्हणजे पट आहे बुद्धिबळाचा आणि फासे आहेत सारीपाटाचे. आणि जिथे फासे आले, तिथे भांडण आलंच!

खेळाडू काय म्हणतात?

पहिला गट म्हणतो, "हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. माझ्या जादूगाराचे तीनही वार चुकले. ७० असताना तीनही! आणि शत्रूचे ३० असताना लागले. मग डोकं चालवून उपयोग काय?"

दुसरा गट शांतपणे म्हणतो, "नशीब आहेच. पण नशिबाला सांभाळून घेणं हाच तर खेळ आहे. एकाच वारावर सगळी लढाई टांगून ठेवलीत, तर चूक फाशाची नाही."

तिसरा गट याहून पुढे जातो. तो म्हणतो, "कॉम्प्युटर चक्क लबाडी करतो. त्याचे फासे शकुनीचे आहेत."

चौथा गट काही म्हणत नाही, गुपचूप एक युक्ती करतो. हल्ल्याच्या आधी खेळ साठवून ठेवायचा. नेम चुकला की मागे जायचं आणि पुन्हा वार करायचा. लागेपर्यंत! यावर बाकीचे ओरडतात, "हा रडीचा डाव!" आणि तो म्हणतो, "मी एकटा खेळतोय, तुमच्या पोटात का दुखतं?"

बाकी तक्रारी-कौतुकं आहेतच. कुणाला गोष्टी फार आवडतात. कुणाला चित्रं जुन्या वळणाची वाटतात, तर कुणाला तीच गोड वाटतात. कॉम्प्युटर फार उतावळा खेळतो, आपले सैनिक विचार न करता पुढे फेकतो, असंही बरेच जण सांगतात. एका लढाईत फार नुकसान झालं तर पुढची जड जाते, कारण सोनं आणि अनुभवी सैनिक पुढे न्यायचे असतात, ही तक्रारही जुनी आहे. पण सगळ्यात मोठं भांडण नशिबाचंच.

तर चला, आपण न्यायाधीश होऊ. आणि न्यायाधीशाने आधी हिशोब मागायचा असतो.

जादूगाराची उलटतपासणी

जादूगार तीन वार करतो आणि प्रत्येक वार लागण्याची शक्यता शंभरात ७०, म्हणजे दहात ७. चुकण्याची दहात ३. तीनही चुकायचे तर ३ × ३ × ३ = २७. आणि एकूण १० × १० × १० = १०००. म्हणजे हजार हल्ल्यांत साधारण २७ वेळा जादूगार पूर्ण फुकट जाणार. तीनही वार लागणार ३४३ वेळा, दोन लागणार ४४१ वेळा, एकच लागणार १८९ वेळा. बेरीज करून पाहा, बरोबर १००० येते.

हजारात २७ म्हणजे साधारण ३७ हल्ल्यांत एकदा. आता सांगा, एका मोठ्या मोहिमेत जादूगार किती वेळा हल्ला करतो? चाळीस वेळा तरी सहज. म्हणजे असा 'अशक्य' वाटणारा प्रकार कधी ना कधी घडणं हेच जास्त संभवतं. चाळीस हल्ल्यांत तो एकदाही घडला नाही, असं तीनात एकदाच होईल. तर मग पहिल्या गटाच्या तक्रारीत घडलेली गोष्ट खरी आहे. ती विचित्र मात्र नाही.

आणि तिसऱ्या गटाचं काय, लबाडीचं? इथे वेसनॉथचा सरळपणा उपयोगी पडतो. आज्ञावली उघडी असल्यामुळे ज्याला कळतं त्याने ती वाचून खात्री करून घ्यावी. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी खेळातच हिशोबाची एक खिडकी आहे. शक्यतेप्रमाणे तुमच्या वारांनी शत्रूचं किती नुकसान व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती झालं, शत्रूकडून तुमचं किती व्हायला हवं होतं आणि किती झालं, हे सगळं ती दाखवते. "माझं नशीबच फुटकं" म्हणणाऱ्याने ती उघडून पाहिली की पुष्कळदा दोन आकड्यांत फारसा फरक दिसत नाही. कधीकधी दिसतोही. तेव्हा त्याची तक्रार खरी असते!

मग फरक नसतानाही तो का जाणवतो? कारण आपली स्मरणशक्ती पक्षपाती असते. आपला ७० चा वार चुकला की तो काट्यासारखा रुततो. शत्रूचा ७० चा वार चुकला की आपण "हुश्श!" म्हणतो आणि दुसऱ्या मिनिटाला विसरून जातो. आपल्या नावावर चुकलेल्या वारांची वही आपण ठेवतो, वाचलेल्या वारांची ठेवत नाही.

सिड मायर हे नाव खेळ बनवणाऱ्यांमध्ये फार मोठं आहे. 'सिव्हिलायझेशन' हा १९९१ चा प्रसिद्ध खेळ त्यांचा. २०१० साली खेळ बनवणाऱ्यांच्या एका परिषदेत त्यांनी हाच अनुभव सांगितला होता. खेळाडूचं बळ तीन आणि शत्रूचं एक असं असताना खेळाडू हरला, की तो म्हणायचा खेळात काहीतरी बिघाड आहे. पण खेळाडूचं बळ एक, शत्रूचं तीन आणि तरी खेळाडू जिंकला, तर? तेव्हा कुणाचीच तक्रार येत नसे! शेवटी त्यांनी हिशोबच थोडा खेळाडूच्या मनाप्रमाणे वळवला.

गोड खोटं की कडू खरं?

असंच वळण जपानच्या एका खेळाने घेतलं. त्याचं नाव 'फायर एम्ब्लेम'. त्याचा पहिला भाग १९९० साली जपानमध्ये आला. पाळीपाळीने लढणाऱ्या योद्ध्यांच्या खेळांचा हा जवळजवळ आजोबाच. त्यातही प्रत्येक योद्ध्याला नाव, चेहरा, गोष्ट असते आणि तो पडला की कायमचा जातो.

या मालिकेत २००२ च्या भागापासून एक गुपित आलं आणि पुढच्या अनेक भागांत ते राहिलं. खेळ स्क्रीनवर एक आकडा दाखवतो, पण आतला हिशोब वेगळा असतो. कॉम्प्युटर ० ते ९९ मधली एक संख्या काढण्याऐवजी दोन काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. सरासरी दाखवलेल्या आकड्यापेक्षा कमी आली तर वार लागला.

त्याने काय फरक पडतो? दोन फासे टाकून पाहा. बेरीज ७ येण्याचे सहा मार्ग आहेत, पण १२ येण्याचा एकच, ६ आणि ६. म्हणजे दोन फासे एकत्र आले की मधल्या संख्या वारंवार येतात आणि टोकाच्या क्वचित. तसंच इथे. स्क्रीनवर ९० दिसत असेल तर खरी शक्यता शंभरात ९८ होते. ७० दिसत असेल तर खरी ८२. आणि उलट बाजूला, २० दिसत असेल तर खरी फक्त ८. नियम दोन्ही बाजूंना सारखाच. पण या खेळात सहसा आपल्या योद्ध्यांचे आकडे मोठे आणि शत्रूचे लहान असतात, म्हणून फायदा बहुतेक वेळा आपला होतो.

गंमत बघा. जो खेळ खरा आकडा सांगतो, त्याला लोक लबाड म्हणतात. आणि जो आतून आकडा बदलतो, तो लोकांना न्यायी वाटतो! कारण आपल्या मनात ९० म्हणजे 'लागणारच' आणि २० म्हणजे 'नाहीच लागणार' असं पक्कं बसलेलं असतं. फायर एम्ब्लेम आपल्या मनाच्या गणिताला जवळचं उत्तर देतो, वेसनॉथ वहीतल्या गणिताला.

मग चांगला खेळ कोणता? जाणत्या खेळाडूंतही यावर एकमत नाही. काही म्हणतात, खेळ करमणुकीसाठी असतो, उगाच हिरमोड कशाला? काही म्हणतात, दाखवलेला आकडा खोटा असेल तर मी विचार तरी कशाच्या भरवशावर करू? मला विचाराल तर मी दुसऱ्यांच्या बाजूची. दुकानदाराने काट्यावर चार दाणे जास्त टाकले तर गिऱ्हाईक खूश होतं, हे खरं. पण काटा बिघडवून ठेवला तर उद्या कुणाचंच माप खरं राहणार नाही. ज्या मुलाला ९० म्हणजे शंभरात दहा वेळा चूक होते हे लहानपणी कळलं, त्याला पुढे आयुष्यात पुष्कळ ठिकाणी ते उपयोगी पडेल.

पण फायर एम्ब्लेमच्या लोकांनी दुसरी एक गोष्ट केली, ती मला पटते. पडलेला योद्धा कायमचा जातो म्हणून कितीतरी जण अख्खी लढाई पुन्हा पहिल्यापासून खेळत बसत. २०१० च्या भागात त्यांनी एक सोपी पद्धत सुरू केली. ती निवडली तर पडलेला योद्धा पुढच्या लढाईत परत येतो. जुने खेळाडू कुरकुरले, "मग जिवाची किंमत काय राहिली?" त्यांचंही खरं आहे. योद्धा परत येणारच असेल तर त्याला पुढे ढकलताना हात थरथरत नाही. पण सोपी पद्धत उघडपणे सांगितलेली आहे, ज्याची त्याने निवडायची आहे. लहान भावाला लगोरीत आपण दोन पावलं पुढून चेंडू मारू देतो ना, तसंच. सगळ्यांना माहीत असलेली सवलत म्हणजे रडीचा डाव नव्हे. वेसनॉथमध्येही नंतरच्या आवृत्त्यांत नशिबाचा खेळ कमी करून खेळण्याची सोय ठेवली आहे. तीही उघड.

एक भालेवाला, तीन जागा

आता दुसऱ्या गटाचं म्हणणं तपासू. "नशिबाला सांभाळून घेणं हाच खेळ." हे नुसतं बोलायला ठीक, की त्यात तथ्य आहे?

समजा, तुमच्या भालेवाल्याच्या अंगात ३६ एवढा जीव आहे. रात्र झाली आहे. दोन ऑर्क त्याच्यावर चालून आले. प्रत्येकाचे दोन वार, एकेका वाराने ११ जीव जातो. तीन वार लागले तर ३३ जातील, भालेवाला कसाबसा जगेल. चारही लागले तरच तो पडेल. तो उलटून जे वार करील, ते तूर्त सोडून देऊ.

तुम्ही त्याला पाण्यात उभं केलं असेल तर प्रत्येक वार लागण्याची शक्यता ८०. चारही लागण्याची शंभरात ४१. उघड्या गवतावर उभा असेल तर प्रत्येकी ६०, आणि चारही लागण्याची शंभरात १३. गावात उभा असेल तर प्रत्येकी ४०, आणि चारही लागण्याची? शंभरात तीनसुद्धा नाही!

भालेवाला तोच. ऑर्क तेच. फासेही तेच. बदलली फक्त जागा, आणि जागा तुम्ही निवडली होती. पाण्यातला भालेवाला मेला आणि तुम्ही म्हणालात "नशीब फुटकं", तर अंगण वाकडं नव्हतं. पण गावात उभा केलेला भालेवाला मेला तर? तर तुमचं पाऊल बरोबर होतं आणि अंगण खरंच वाकडं होतं. त्या दिवशी तुम्ही हरलात तरी चुकला नाहीत.

आणि याची तिसरीही बाजू आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. पाण्यातला भालेवाला वाचला तर? शंभरात ५९ वेळा तो वाचणारच आहे. तेव्हा आपण छाती फुगवून म्हणतो, "बघा, कसा टिकवला!" तो टिकवला नव्हता, टिकला होता. जिंकल्यावर आपलं चुकलं होतं हे बघणारा खेळाडू लाखात एक.

खेळाबाहेरचं अंगण

हे सगळं फक्त गेमपुरतं असतं तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता.

आपल्याकडे दर जून महिन्यात असा डाव मांडला जातो. पुरेसा पाऊस पडून जमिनीत ओल झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. एक शेतकरी ते ऐकतो. थांबतो. चांगला पाऊस होतो, वाफसा येतो, मग तो पेरतो. आणि नेमकी पावसाने दडी मारली तर? उगवलेलं करपतं, दुबार पेरणीची वेळ येते. बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली. दुसरा एक जण अंदाज न बघता कोरड्यातच धूळपेरणी करतो आणि नेमका दुसऱ्याच दिवशी पाऊस येतो. मग पारावर काय बोलतात? "त्याला अक्कल आहे, ह्याला शेतीतलं कळत नाही."

दोस्तांनो, पहिल्याने भालेवाला गावात उभा केला होता. दुसऱ्याने पाण्यात. पारावरच्या लोकांनी फक्त शेवट पाहिला, पाऊल पाहिलंच नाही. ज्या घरात दुबार पेरणीचा घाव बसलेला असतो, त्या घरातलं मूल आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसलेलं असू शकतं. त्याच्या वडिलांना कुणी वेडं म्हणालं तर हा हिशोब आठवा. निर्णय चांगला होता की वाईट, हे निर्णय घेताना जे माहीत होतं त्यावरून ठरतं. नंतर काय झालं, त्यावरून नाही.

याचा अर्थ दर वेळी नशिबाकडे बोट दाखवायचं, असाही नाही हं! अभ्यास न करता पेपर अवघड गेला, तर तो पाण्यातला भालेवाला. वर्षभर अभ्यास करून परीक्षेच्या दिवशी ताप भरला, तर तो गावातला. दोघांचे गुण सारखे पडतील. पण पहिल्याने पुढच्या वेळी जागा बदलायची आहे आणि दुसऱ्याने तीच जागा धरून ठेवायची आहे. दोघांना एकच शिक्षा किंवा एकच सल्ला देणं, हा अन्याय.

करून पाहा

कॉम्प्युटर नसला तरी हा खेळ घरी करता येतो. माझ्या वर्गात मुलं तो चिठ्ठ्यांवर खेळतात. कागदाच्या दहा सारख्या चिठ्ठ्या करा. सातांवर 'लागला' लिहा, तिघांवर 'चुकला'. घड्या घालून डब्यात टाका. एक चिठ्ठी काढा, नोंद करा आणि पुन्हा डब्यात टाकून डबा हलवा. (पुन्हा टाकायला विसरू नका, नाहीतर हिशोब बिघडेल.) असं तीनदा केलं की जादूगाराचा एक हल्ला झाला. असे चाळीस हल्ले करा. सुरू करण्याआधी एका कागदावर अंदाज लिहून ठेवा, तीनही वेळा 'चुकला' असं किती वेळा येईल?

दोघे मिळून खेळत असाल तर आणखी एक करा. खेळ संपल्यावर वही न बघता एकमेकांना विचारा, "तुझे किती चुकले, माझे किती चुकले?" मग वही उघडा. कुणाची आठवण कुणाच्या बाजूने झुकली आहे ते दिसेल. भांडू मात्र नका!

तुमचा अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय आलं, ते मला अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. अंदाज चुकला असेल तर तोही जसाच्या तसा लिहा. दाखवायचा आकडा आणि आतला आकडा एकच ठेवायचा, एवढं तर आपलं आज ठरलंच आहे.

बरं, पुढच्या अंकात भेटूच.